वांडा 'निष्क्रिय' कशी?

बार्बरा लोडेनच्या १९७० च्या 'वांडा' या सिनेमावरच्या लेखात त्याच्या नायिकेला, वांडाला, 'निष्क्रिय' म्हटलंय, ते खटकलं. शिलाईच्या कारखान्यात ती पुन्हा काम मागायला जाते, तेव्हा तिला तोंडावर सांगतात, तुझा हात फार सावकाश चालतो. मागते आहे ना ती? मिळत नाही, एवढंच. मी स्वतः ४ वर्षं पीस रेटवर, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या पैशांवर, कॉलर शिवल्यात. हात मंद असलेल्या बाईला शनिवारी हिशोब देताना सुपरवायझर वर बघतसुद्धा नाही.

आणि कोर्टात केसांत कर्लर तसेच ठेवून ती मुलं नवऱ्याकडेच बरी म्हणते, म्हणून बेपर्वा? मला तर तिथे सगळा हिशोब आधीच करून आलेली बाई दिसली. बाकी, कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यांतून चालणारी वांडा दुरून नुसता पांढरा ठिपका दिसते, त्याबद्दल लेखात लिहिलंय ते झकास.