अठ्ठावीस रुपये भाडं

सोमवारी गिरणीत गव्हाचा डबा ठेवून नंबर लागायची वाट बघत उभी होते, तेव्हा तो मेल आला. विषय : 'तुमच्या सदस्यत्वाबद्दल महत्त्वाची माहिती'. असल्या मेलमधली महत्त्वाची माहिती चौथ्या परिच्छेदात असते, हे आता पाठ झालंय. पहिल्या तिन्हींत आपला एकत्र प्रवास, तुमचा विश्वास, आमचं कुटुंब वगैरे आरती. चौथ्यात आकडा. २००९ पासून मी ज्या परदेशी साइटवर माझे ट्रेकचे फोटो ठेवतेय, तिची वर्षाची वर्गणी या वेळेपासून जवळजवळ दीडपट. (साइटचं नाव सांगणार नाही. मला जाहिरातही करायची नाही आणि कमेंटमध्ये कुस्तीही नकोय.)

आमच्या ट्रेकवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेल आणखी तिघांना आलेला. मग काय, दिवसभर 'दरोडा', 'लुटारू', 'यांना धडा शिकवला पाहिजे'. एक जण म्हणाला, मी सगळं डिलीट करून मोकळा होतोय. तो हे दोन वर्षं म्हणतोय.

राग मलाही आला. पण पीठ घेऊन जिना चढता चढता एक गोष्ट डोक्यात आली. दळणाचा दर दिवाळीनंतर वाढला, तेव्हा मी कुरकुर करत पैसे दिले आणि विसरले. गिरणीवाल्याला कुणी दरोडेखोर म्हटलं नाही. मग फोटो ठेवणाऱ्याने दर वाढवला की आपल्या अंगाची एवढी लाही का होते? माझं उत्तर असं आहे की आपल्याला फुकटाची सवय लागली. म्हणजे लावली गेली. या दोन्ही वाक्यांवर थोडं लांबलचक बोलायचंय, वेळ नसेल तर लाइक करून पुढे जा.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. दोन खोल्या, बाहेर कॉमन नळ, भाडं महिना अठ्ठावीस रुपये. पावती मिळायची, गुलाबी कागदाची. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली होती, त्यामुळे माझ्या आजोबांनी जे भाडं दिलं त्यात आणि माझ्या वडिलांनी दिलं त्यात फार फरक नव्हता. पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी पातेली लागायची. वडील मालकांकडे तक्रार घेऊन गेले की मालक शांतपणे विचारायचे, "अठ्ठावीस रुपयांत कौलं कुठे मिळतात ते सांगा, आत्ता माणूस पाठवतो." आम्हाला तेव्हा ते दुष्ट वाटायचे. आता वाटतं, त्या माणसाचं गणित बरोबर होतं. पुण्यात दर जून महिन्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, त्यातले बरेच वाडे याच गणिताने पडायला आलेत. भाडेकरू हलत नाही, मालक डागडुजी करत नाही, आणि वाडा दोघांचंही न ऐकता हळूहळू खाली बसतो.

फोटो ठेवायची फ्लिकर नावाची साइट हा असाच एक वाडा. २००४ मध्ये व्हँकुव्हरमधल्या एका छोट्या कंपनीने तो बांधला. खरं तर स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांची मंडळी एक ऑनलाइन गेम बनवत होती, त्या गेममधून हे निघालं. पुढच्याच वर्षी याहूने विकत घेतलं. तेव्हाचा व्यवहार सरळ होता : फुकट खात्यात तुमचे शेवटचे २०० फोटो दिसणार, सगळे दिसायला हवे असतील तर वर्षाला २४.९५ डॉलर. आपल्याकडच्या किल्लेवेड्यांनी, पक्षीवाल्यांनी तिथे अक्षरशः मुक्काम ठोकला होता. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा सूर्यास्त मी प्रत्यक्ष बघण्याआधी तिथेच शंभरदा बघितला होता.

मग २०१३ च्या मे महिन्यात याहूने जाहीर केलं, प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट. त्या काळी एक टेराबाइट म्हणजे वाड्यातल्या माणसाला शनिवारवाडा राहायला देण्यासारखं. पैसे भरणाऱ्यांना वाटलं, आम्ही काय मूर्ख? पाच वर्षांनी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, स्मगमगने फ्लिकर घेतलं. स्मगमग म्हणजे बापलेकाने २००२ मध्ये काढलेली, पहिल्यापासून पैसे घेऊनच फोटो ठेवणारी कंपनी. त्यांनी त्याच नोव्हेंबरात सांगितलं : फुकट खात्यात फक्त १००० फोटो, वरचे पुढच्या वर्षी उडवले जातील. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली लोकांनी आधीच खुले केलेले फोटो मात्र त्यांनी राखले, हे त्यांच्या खात्यावर जमा. वर्गणी ५० डॉलर होती, ती २०२० पासून ६० झाली. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, मुख्य अधिकारी डॉन मॅकअ‍ॅस्किल यांनी सगळ्यांना उघड पत्र लिहिलं की फ्लिकर तोट्यात चाललंय, जमेल त्यांनी पैसे भरून सदस्य व्हा.

लोकांनी त्या पत्राची टिंगल केली. मला ते पत्र म्हणजे आमच्या वाड्याच्या मालकाचा प्रश्न वाटला. कौलं कुठे मिळतात सांगा.

कारण फोटो 'ठेवणं' हे एकदा करून संपणारं काम नाही. तुम्ही टाकलेला एक फोटो त्यांच्याकडे दोन-तीन ठिकाणी असतो, एक डिस्क गेली तरी सापडावा म्हणून. शिवाय त्याची छोटी, मधली, मोठी अशी पिल्लं. ती सगळी दिवसरात्र विजेवर जागी. तुम्ही दहा वर्षं तो फोटो उघडला नाहीत तरी जागी. आणि आपण काय टाकतो? २००५ च्या कॅमेऱ्याचा फोटो एक-दीड एमबीचा असायचा. आज फोनवर एक मिनिटाचा फोर-के व्हिडिओ काढला की पावणेदोनशे एमबी सहज जातात, आणि तो व्हिडिओ असतो बहुधा केक कापतानाचा, ज्यात कापणारा दिसत नाही.

तर, पैसे मागणाऱ्यावर माझा राग नाही. माझा राग फुकट देणाऱ्यावर आहे.

गूगल फोटोजचंच बघा. २०१५ च्या मे महिन्यात सुरू झालं. थोडी दाबलेली, सोळा मेगापिक्सेलपर्यंतची प्रत चालत असेल तर कितीही फोटो ठेवा, फुकट. अशा दुकानाच्या शेजारी दुसरं कुठलं पैसे घेणारं दुकान चालणार? पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्यांनीच जाहीर केलं की १ जून २०२१ पासून नवे फोटो तुमच्या खात्यातल्या फुकटच्या १५ जीबीत मोजले जातील, त्याच १५ जीबीत ज्यात जीमेल आणि ड्राइव्हही बसतं. त्या वेळी त्यांच्याकडे चार लाख कोटींहून जास्त फोटो होते आणि दर आठवड्याला २८ अब्ज नवे फोटो-व्हिडिओ येत होते. म्हणजे आधी सगळ्या गावाला सामानासकट आत घेतलं आणि मग भाड्याची पाटी लावली. नियमाने बघितलं तर काहीच गैर नाही. जुने फोटो मोजले नाहीत, सहा महिने आधी सांगितलं. पण आमच्या मालकांनी निदान आधी अठ्ठावीस रुपये तरी घेतले होते, पहिली पाच वर्षं राहा हो फुकट असं म्हणून बोलावलं नव्हतं.

अ‍ॅपलवाल्यांनी हसू नये. तुमची फुकटची पाच जीबी २०११ मध्ये पाच होती, आजही पाचच आहेत. फोनचा कॅमेरा मात्र दर सप्टेंबरला मोठा होतो.

आणि सगळ्यात नामांकित किस्सा फोटोबकेटचा, म्हणजे फोटो ठेवायच्या आणखी एका साइटचा. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी अचानक सांगितलं, आमच्याकडे ठेवलेला फोटो दुसऱ्या साइटवर दाखवायचा असेल तर वर्षाला ३९९.९९ डॉलर. एका रात्रीत जगभरातल्या पानांवरचे फोटो गेले. जुन्या गाड्या कशा दुरुस्त कराव्यात, विणकामाचे टाके कसे घालावेत, असल्या लेखांमध्ये चित्रांच्या जागी एक मीटरचं चित्र आणि 'खातं अपग्रेड करा'. वर्षभराने कंपनीने माघार घेतली म्हणा. पण टाक्यांचा लेख लिहिणारी बाई तोवर परत तिथे बघायला आली असेल का?

आपल्याला यात आणखी एक फोडणी असते, ती रुपयाची. २००७ मध्ये फ्लिकरचे २४.९५ डॉलर म्हणजे साधारण हजार रुपये. २०२० च्या सुरुवातीला ६० डॉलर म्हणजे सव्वाचार हजारांच्या पुढे. चौपट! त्यातली जेमतेम अडीचपट कंपनीने वाढवली, उरलेली आपल्या रुपयाने घसरून भरून काढली. वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार आणि जीएसटी. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नवे नियम लागू झाले, तेव्हा तर माझं पेमेंट सरळ नाकारलं गेलं. नियम चांगलाच आहे, न विचारता पैसे कापू नयेत. पण परदेशी साइटला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिने मला थकबाकीदार ठरवून निम्मे अल्बम झाकून टाकले. राजगडाचा अख्खा पावसाळा तीन आठवडे गायब. शेवटी जावेच्या कार्डावरून भरले.

आता आईची गोष्ट, कारण ही पोस्ट खरं तर तिच्यामुळे लिहितेय.

गेल्या महिन्यात तिच्या फोनवर 'स्टोरेज भरलं आहे' असं यायला लागलं. तिला वाटलं फोन गेला. मी शेजारी बसले, म्हटलं नको ते काढून टाकू. शुभ सकाळवाले गुलाब, गणपती, चहाचे कप गेले, सुमारे नऊशे. मग आलं ब्रह्मकमळ. एकाच रात्रीचे, एकाच कुंडीतले अडतीस फोटो. मी म्हटलं, एक ठेव, बाकीचे काढते. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी कुंडीच उपटायला निघालेय. "अगं, ही कळी आहे. इथे पाकळी सुटलीय बघ. हा साडेदहाचा. हा तुझी मावशी आली तेव्हाचा." अडतीसच्या अडतीस राहिले.

मग मी तिला वर्गणी समजावली. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये, जागा भरपूर.

"किती महिने?"

"कायम."

"आणि नाही भरले तर?"

यावर मी जरा थांबले. कंपनी लगेच पुसणार नाही, नवे फोटो घेणं थांबवेल, मग मेल अडतील, मग काही काळाने... "म्हणजे नाही भरले तर माझे फोटो जाणार," तिने माझं वाक्य पुरं केलं. "देसायांच्या स्टुडिओत आपण तुझ्या बारशाचे फोटो काढले. त्याने कधी महिन्याला पैसे मागितले?"

मी म्हटलं, त्याने निगेटिव्ह आपल्याला देऊन टाकल्या होत्या ना, खाकी पाकिटात घालून. पाकीट आपल्या कपाटात, त्यामुळे कपाटाचं भाडं आपलंच.

बोलले आणि मलाच ऐकू आलं. निगेटिव्ह घरी होत्या. त्यामुळे स्टुडिओ बंद पडला, तिथे मोबाइलचं दुकान आलं, तरी आमच्या घरात कुणाला घाम फुटला नाही. आता आपण निगेटिव्हच त्यांच्याकडे ठेवून आलोय आणि घरी आणलीय ती झेरॉक्स. फोनमध्ये दिसतो तो फोटोसुद्धा बरेचदा नुसता लहान नमुना असतो, अस्सल प्रत कंपनीकडे. दरवाढीचा मेल वाचून पोटात गोळा येतो तो पैशांमुळे नाही. नाही म्हणायची सोय उरलेली नाही, म्हणून येतो.

म्हणून मला कुठल्याही कंपनीने स्वस्त दिलेलं नकोय. दर वाढवा, हवा तर दरवर्षी वाढवा. फक्त दार नीट उघडं ठेवा. माझे फोटो मला मूळ आकारात, तारखेसकट, अल्बमच्या नावासकट, एका दमात परत घेता आले पाहिजेत. आज काय मिळतं? गूगलचं टेकआउट, म्हणजे आपलं सामान उतरवून घ्यायची त्यांची सोय, ती झिपच्या फायलींची माळ, आणि फोटोची तारीख-मथळा वेगळ्याच छोट्या फाइलमध्ये. ते परत जुळवत बसणं म्हणजे निवडलेले तांदूळ आणि खडे पुन्हा एकत्र करून दिल्यासारखं. इथे सरकारने नियम करावा असं मला वाटतं. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तर फोटोंनी काय पाप केलंय?

ग्रुपवरच्या 'डिलीट करतो' वाल्याला माझं एवढंच सांगणं, आधी उतरवून घे, मग काय ती मर्दुमकी. मी दोन हार्ड डिस्क आणल्यात. एक माझ्याकडे, एक नाशिकला भावाकडे राहील, कारण एक डिस्क म्हणजे शून्य डिस्क. ती कधी टकटक करून मरेल सांगता येत नाही. वर्गणीही भरणार आहे, निदान या वर्षी. तिथे अनोळखी माणसं माझ्या फोटोखाली वाट विचारतात, ते मला हार्ड डिस्कवर मिळणार नाही.

काल रात्री उतरवणं चालू होतं. सोळा वर्षांचं सामान, 'अजून ११ तास' असं दाखवत बसलेलं. मधेच एक फोल्डर उघडलं तर वाडा. पाडायला घेतला त्या आठवड्यात मी जाऊन काढलेले सात फोटो, ज्यांची मला आठवणच नव्हती. दिंडी दरवाजा, कॉमन नळ, आमच्या खोलीची अर्धी भिंत आणि तिच्यावर कॅलेंडरच्या खिळ्याचा डाग.

आईला दाखवले. तिने चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"हे सातही मला पाठव."

"एवढ्या मोठ्या फायली कशाला तुझ्या फोनमध्ये, इथे आहेत की."

"पाठव तू. जागा आहे आता माझ्याकडे. पैसे भरलेत मी."