निळं झालं म्हणजे शिसं?

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरचा आकडा मोठा आला तर पाण्यात शिसं-पारा आहे. आरओ फिल्टरचा विक्रेता साध्या पाण्याच्या आणि आरओच्या पाण्याच्या ग्लासात विजेचे रॉड घालून दाखवतो, तेव्हा साध्या पाण्यात जो गाळ येतो तो त्याचा पुरावा. आणि आता तर ‘नॅनो सोन्याचे’ थेंब आलेत: पाण्यात नाहीतर हळदीत टाका, निळं झालं की विष, लॅबची गरजच नाही!

मीटरचं आधी उरकतो. पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच तो मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. मीटरचा आकडा सरकतो लिटरला १-१ मिलिग्रॅमने, म्हणजे त्या मर्यादेच्या १०० पटींच्या उडीने. त्याला शिसं दिसणार कुठून?

गाळ तर रॉडचाच. एक रॉड लोखंडी असतो. वीज सोडली की तोच विरघळतो आणि गंज होऊन वर येतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज फारशी वाहत नाही, म्हणून तो ग्लास नितळ. पुढच्या वेळी विक्रेता आला की त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि मग रॉड घालायला सांगा.

सोन्याची गोष्ट मात्र थाप नाही, म्हणून ती जास्त फसवते. साधारण १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात सुटे असले की रंग लालबुंद दिसतो, गोळा झाले की जांभळा-निळा. पण त्यांना गोळा करायला शिसंच लागतं असं नाही. कणांवर नुसता सायट्रेटचा (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचा) थर असेल तर मिठानेही ते एकमेकांना चिकटतात. बोअरचं खारट पाणी ओतलंत तर तेही ‘विषारी’ ठरेल.

धातू ओळखण्याचं काम सोनं करत नाही, त्यावर बसवलेला रेणू करतो. पाऱ्यासाठी थायमिन (डीएनएच्या चार मूळ घटकांपैकी एक) वापरतात, कारण पारा दोन थायमिनांच्या मधोमध अडकतो. शिशासाठी २००३ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ यी लू यांच्या गटाने शिसं असेल तरच कापणारा डीएनए वापरला. हा डीएनएचा धागा सोन्याच्या कणांना एकत्र बांधतो; शिशाने तो तुटला की कण गोळा होत नाहीत. म्हणजे तिथे शिसं असलं तर रंग लाल, नसलं तर निळा. मेसेजच्या बरोबर उलट!

आणि हळद? भेसळीचं लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. लॅबमध्ये हळद आधी नायट्रिक आम्लात तापवून विरघळवतात, मग मोजतात. वाटीतल्या पाण्यात टाकलेल्या थेंबांना काय सापडणार.