चित्रेंना इंग्रजीच्या पेपरातच अडकवू नका

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात दिलीप चित्रेंची 'फादर रिटर्निंग होम' ही कविता आहे. भुसावळ-जळगाव-पाचोरा-चाळीसगाव रेल्वेने अपडाउन करणाऱ्या बापांची पोरं ती वाचतात आणि गाइडमधला 'एकाकीपणा' पाठ करून मार्कांची सोय करतात. (मार्क मिळतातही, त्याबद्दल तक्रार नाही.)

पण ती कविता एकदा नुसती बघा. गाडीतल्या पिवळ्या उजेडात उभे असलेले गप्प प्रवासी. भिजलेला शर्ट, काळ्या रेनकोटवर चिखलाचे डाग, पुस्तकं कोंबून उसवायला आलेली पिशवी. घरी गेल्यावर पांचट चहा आणि शिळी पोळी. रंग आणि वस्तू आधी दिसतात, त्यातूनच तो बाप कळतो. हे चित्रकाराचं काम आहे. चित्रे खरोखरच चित्रकार होते, तैलचित्रांची प्रदर्शनं करायचे. 'गोदाम' नावाचा सिनेमाही काढला. पोरांना यातलं काही सांगितलं जात नाही. एवढंच काय, हा माणूस मराठीतला मोठा कवी आहे हेसुद्धा नाही!

जन्म 1938चा, बडोद्याचा. पुढे मुंबई. कवी अरुण कोलटकर, आपल्या खान्देशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे ही सगळी लघुअनियतकालिकवाली, म्हणजे छोटी, जमेल तेव्हा निघणारी मासिकं चालवणारी पिढी. पहिला संग्रह 1960 साली, मराठीत. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. 1994चे साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार त्यांना मिळाले, एक मराठी कवितेसाठी आणि दुसरा त्या तुकोबांच्या अनुवादासाठी. तरी लोक विचारत राहिले, तुमची खरी भाषा कोणती?

हा प्रश्न निदान खान्देशात तरी कुणी विचारू नये. आपण घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतो, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, नंदुरबारकडे गुजराती. आणि पोरगं पाहुण्यांसमोर "कथा चालनात?" (कुठे चाललात?) म्हणालं की आईच डोळे वटारते, नीट बोल! विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव द्यायचं आणि घरात त्यांच्या बोलीची लाज वाटू द्यायची, हा ढोंगीपणा मला तरी पटत नाही. चित्रेंनी एका भाषेसाठी दुसरी टाकली नाही. दोन्ही राबवल्या, वर कुंचलाही धरला.

ज्युनिअर कॉलेजच्या सर-मॅडमना एकच विनंती. मराठी आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये बसतात. या कवितेला एक तास दोघांनी मिळून घ्या, शेजारी चित्रेंची एखादी मराठी कविता ठेवा. अन् जमलं तर चित्रकलेच्या सरांनाही बोलवा, ते तसेही ऑफ तासाला रिकामेच असतात.