महीकाठी रेतीची लीज घेऊ इच्छिणाऱ्यांस

बडोद्याच्या दांडिया बाजारातला वडिलोपार्जित वाडा विकून हाती आलेली रक्कम बँकेत कुजत ठेवण्यापेक्षा मही नदीच्या काठी रेतीची लीज घ्यावी, असे आपल्या मनात असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. या धंद्यात माल नदी स्वतः आणून टाकते, त्याला गोदाम लागत नाही, आणि नदीने आजवर कोणाला बिल पाठवलेले नाही. नियोजन करायचे ते केवळ रस्त्याचे आणि कागदांचे.

नकाशावर डंपरसाठी गावाबाहेरून स्वतंत्र रस्ता दाखवावा, त्याच्या दुतर्फा हिरव्या पेन्सिलीने झाडे काढावीत आणि दिवसातून दोनदा टँकरने पाणी शिंपडण्याची हमी द्यावी. प्रत्यक्षात शाळेच्या कुंपणाला घासून जाणारा डांबरी रस्ता तयारच आहे. तो पंचायतीचा असल्यामुळे खचला तर दुरुस्तीही पंचायतच करील. टँकरचीही गरज नाही. पात्रातून नुकतीच उपसलेली ओली रेती भरली, की डंपरच्या मागच्या फळीच्या फटीतून थेट वजनकाट्यापर्यंत पाण्याची धार लागते, आणि दुचाकीवाले घसरत असले तरी धूळ नक्की बसते. ताडपत्री चालकाच्या आसनामागे गुंडाळून ठेवावी आणि पुढच्या चौफुलीवर तपासणी पथक उभे असल्याचा फोन आला की बांधावी. प्रवाहापलीकडची रेती हवी असल्यास सिमेंटचे पाइप टाकून वर मातीचा भराव घालावा. अर्जात ‘तात्पुरता’ एवढा शब्द असला म्हणजे पुरे. पावसाळ्यात नदी तो फुकटात काढून नेते.

पूर्वी पाच हेक्टरांहून लहान तुकडे पाडून पर्यावरणाच्या मंजुरीला वळसा घालता येत असे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सोय काढून घेतली. तरीही निराश होऊ नये. उत्खनन तीन मीटरांहून खोल नसावे, ही अट मला व्यक्तिशः फार आवडते, कारण ते तीन मीटर कोठून मोजायचे हे दरवर्षी नव्याने ठरवता येते: यंदा आपण जो तळ गाठला, तोच पुढल्या वर्षीचा पृष्ठभाग. पावसाळ्यात रेती पुन्हा भरून येते, असे पुनर्भरणाच्या अहवालात ठामपणे लिहावे. वरच्या अंगाला कडाणा धरण आहे, त्याच्याही वर राजस्थानात माही बजाज सागर आहे, आणि रेती खाली येण्याऐवजी तेथेच अडून बसते, असल्या भूगोलाने अहवाल वाचणाऱ्या साहेबांना शिणवू नये.

पुलाजवळ मात्र कायदा काटेकोरपणे पाळावा. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या पुलांपासून एक किलोमीटर, किंवा पुलाच्या लांबीच्या पाचपट वरच्या अंगाला आणि दहापट खालच्या अंगाला, खोदायचे नसते. आपण आखून दिलेल्या हद्दीतच खोदावे. मग त्या खड्ड्याचा वरचा काठ पाण्याच्या ओढीने रोज थोडा थोडा ढासळत, आपण होऊन प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत पुलाच्या पायापर्यंत जाऊन पोहोचला, तर ते अतिक्रमण नदीचे आहे. आपले हिटाची खोदयंत्र तिकडे फिरकलेलेही नसते.

त्याच सूचनांत पाणी उपसण्याच्या जागांचाही उल्लेख आहे, आणि येथे आपल्या भावकीतले एखादे निवृत्त काका हटकून आडवे येतील. फाजलपूर, रायका, दोडका आणि पोईचा येथे महापालिकेच्या फ्रेंच विहिरी आहेत. पात्रातल्या रेतीखाली त्यांच्या आडव्या, भोके पाडलेल्या नळ्या चहूकडे पसरलेल्या असतात आणि नदीचे पाणी वरच्या रेतीतून गाळून त्यांत उतरते. थोडक्यात, बडोदेकरांचा सकाळचा चहा ज्या चाळणीतून येतो, ती चाळणीच आपण ब्रासच्या भावाने विकायला काढली आहे. काकांनी हा मुद्दा काढल्यास वाद घालू नये. त्यांच्या नव्या फ्लॅटचा स्लॅब कोणत्या नदीच्या रेतीचा आहे, एवढेच अदबीने विचारावे.

लोकसुनावणीचा फार बाऊ करू नये. मंडप भर उन्हाळ्यात दुपारी घालावा, अहवालाचा सारांश शेवटच्या रांगेतल्यांना दिसणार नाही अशा अक्षरांत लावावा, आणि गुरे पाण्यावर कोठून न्यायची असे कोणी विचारलेच, तर सल्लागाराने भूजलाच्या आलेखाकडे बोट दाखवावे.

सूर्यास्तानंतर काम बंद ठेवायचे असते. ते कागदावर बंद ठेवावे. रात्री चालणाऱ्या यंत्राला पास लागत नाही, म्हणून त्याची नोंदही राहत नाही.

राहता राहिला खाणबंदीचा, म्हणजे उपसा संपल्यावर जागा पूर्ववत करण्याचा, आराखडा. काठावर करंज आणि कडुनिंबाची रोपे लावून त्यांचे छायाचित्र जुलैत घ्यावे, कारण त्या महिन्यात न लावलेलेही उगवते. मागे खड्डा दिसत असल्यास हरकत नाही. त्यात पाणी साचलेले असेल तर जलसंधारणाच्या अनुदानासाठी त्याचा वेगळा अर्ज करता येतो.