सत्तरीनंतर लायसन्स मिळत नाही? कुठल्या कायद्यात लिहिलंय?

‘भारतात ज्येष्ठ नागरिक असणं हा गुन्हा आहे का?’ अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. कुणा खासदारांचं संसदेतलं भाषण म्हणून तो फिरतो. सत्तरीनंतर आरोग्य विमा मिळत नाही, हप्त्यावर कर्ज मिळत नाही, ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही, रेल्वेची सवलतही काढून घेतली. मग सरकारनं सगळ्या म्हाताऱ्यांना मारूनच का टाकू नये? शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘पुढे पाठवा’. भाषणाची तारीख मात्र कुठंच नाही.

इतके दिवस मी तो न वाचता उडवत होतो. पण कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या मामांनी तो खरा धरला आणि लायसन्स रिन्यूच केलं नाही. विचारलं तर म्हणाले, “सत्तरीनंतर देत न्हाईत आता. खासदार बोललाय की संसदेत!”

देत नाहीत म्हणे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४ काढून वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हिशेब सरळ आहे: पंचावन्न ओलांडलेल्या माणसाचं लायसन्स दर वेळी पाच वर्षांसाठी रिन्यू होतं. त्याला वयाची वरची मर्यादा नाही. सत्तर असो की ऐंशी, डॉक्टरांनी तपासून फॉर्म १-ए भरून दिला की अर्ज करता येतो. आणि हा फॉर्म काही म्हातारपणाची शिक्षा नव्हे, चाळिशीनंतर तो सगळ्यांनाच लागतो.

राग येतो तो पुढच्या भागाचा. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर काम कागदावर भागतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. मामांचं वर्ष कधीच उलटून गेलंय. म्हणजे उभा जन्म स्कूटर चालवलेल्या माणसानं आता कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभं राहून ‘आठ’ काढून दाखवायचा. बरं, मधल्या काळात ते रोज कपिलतीर्थ मंडईत स्कूटरवरूनच जात होते, बिनलायसन्सचे. कुणाला धडक बसली असती, तर विमा कंपनीला हात वर करता आले असते आणि भरपाई मामांच्या पेन्शनमधून जाऊ शकली असती. एका फॉरवर्डपायी. या वयात त्यांनी स्कूटर चालवावी का, हा प्रश्न वेगळा. त्यावर मामींचं मत ठाम आहे आणि ते इथं छापण्यासारखं नाही.

विम्याचं अर्धवट खरं आहे. वय बघून कंपन्या दार लावून घ्यायच्या, हप्ते आजही डोळे पांढरे करतात. पण १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला असलेली ६५ वर्षांची अट उठली आहे. आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. उत्पन्नाची अट नाही. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून, एवढं ध्यानात ठेवा. मेसेज वाचून ‘आपल्याला काही मिळत नाही’ म्हणत बसलेल्यांनी हे कार्डच काढलेलं नसतं.

कर्जाचा मुद्दा फुसका आहे. पेन्शनवर कर्ज देणाऱ्या बँका आहेत. पुढे चला.

रेल्वेचं मात्र खरं आहे, नाइलाजानं का होईना, मान्य करतो. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के सवलत होती. २० मार्च २०२० ला कोरोनाचं कारण देऊन ती थांबवली, ती आजतागायत परत आलेली नाही. कोयनेनं पुण्याला लेकाकडं जायचं तर मामा-मामींना पूर्ण तिकीट पडतं. यावर ओरडायला हवंच.

पण मेसेजमध्ये एसटीचं नावही नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना कुठल्याही वयात निम्मं. यातही मेख आहे. सवलत राज्याच्या हद्दीपुरती. निपाणीला बहिणीकडं निघालेल्या आजोबांना कागल संपलं की पुढचे पैसे मोजावे लागतात. आणि शहर बसला ही योजना लागूच नाही.

खरी अडचण तिथंच आहे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही. मामांनी स्कूटर सोडली, तर मंगळवार पेठेतून सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, जायचं कसं? केएमटीच्या शहर बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. थांब्यावर टेकायला जागा असेलच असं नाही. वडापच्या शेअर गाडीत मांडीला मांडी लावून बसायचं. राहिली रिक्षा. एसटीनं जोतिबाला फुकट जाता येईल, पण घरापासून स्टँड गाठायला रिक्षाचे पैसे खिशातून. लेकरं पुण्या-मुंबईला, घरात दोघंच, अशी घरं आमच्या गल्लीत वाढतच चालली आहेत. दवाखान्यात सोबत कोण येणार, औषधं कोण आणून देणार, हाही याच हिशेबातला प्रश्न. तक्रारीसाठी, चौकशीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मामांच्या कट्ट्यावर विचारलं, कुणाला ठाऊक नव्हती. तो मेसेज मात्र सगळ्यांकडं होता.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला नव्या बस मंजूर झाल्या आहेत. त्यांची पायरी किती उंच असणार, त्या सीपीआरच्या दारापर्यंत जाणार का, पेठांमधल्या थांब्यांवर बाक टाकणार का, हे महापालिकेला लेखी विचारता येतं. अर्ज मी लिहून दिलाय. कट्ट्यावर सह्या चालू आहेत, पहिली मामांची.