आबांची दुनळी आणि ‘साहेबांचं पत्र’

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बारा बोअरची दुनळी बंदूक 2024 च्या लोकसभेपासून पोलीस ठाण्यातच आहे. आचारसंहिता लागली, नोटीस आली, आबा इस्त्रीचा शर्ट घालून ती जमा करून आले. पावती ट्रंकेत ठेवली. निकाल लागला, मागोमाग विधानसभाही झाली, पण आबा बंदूक आणायला काही गेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, “खांदा दुखतोय. राहू दे तिथंच.”

मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर होऊन आल्यावर सतरा वर्षं त्यांनी एका बँकेच्या दारात या बंदुकीवर नोकरी केली. आमच्या सातारा जिल्ह्यात असे माजी सैनिक गावोगाव आहेत. पेन्शन आणि दुनळी, यावर आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं झाली. त्यामुळं सगळ्यांच्या बंदुका काढून घ्या असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण खालचं लिहायचा हक्क मला त्या दुनळीनंच दिलाय असं मी समजतो.

घरात बंदूक लाकडी पेटीत आणि काडतुसं वेगळ्या ट्रंकेत असायची. ट्रंकेची किल्ली आबांच्या करदोट्याला. रविवारी दुपारी ते अंगणात पोतं अंथरून बसायचे, नळ्या मोडून उजेडाकडं धरून आतून बघायचे, तेलाचा बोळा फिरवायचे. मग काडतुसं मोजायची. दर आठवड्याला तीच, तेवढीच, तरी मोजायची आणि डायरीत आकडा लिहायचा. आई वैतागायची, “ती काय पिल्लं घालत्यात व्हय?”

हे सगळं आठवलं ते कोरेगाव तालुक्यातल्या एका लग्नात. वरात दारात आली, डीजेचा दणका चालू, आणि नवरदेवाच्या कुणा मानलेल्या भावानं कमरेचं पिस्तूल काढून वर तीन गोळ्या झाडल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पोरांनी मोबाईल काढले. वर मांडवाचं कापड, त्याच्यावर शेजारच्या माडीची गच्ची, गच्चीत वरात बघायला जमलेल्या बायका. आबा उठले, पायाखालच्या तीन पुंगळ्या वेचल्या आणि त्या गड्याच्या हातावर ठेवल्या. “पावणं, ह्या बी मोजायच्या असत्यात.” तो हसला. पोलिसांत कुणी गेलं नाही. आम्हीही गेलो नाही, हे लपवत नाही. मुलीकडचे म्हणाले, लग्न आहे, राहू द्या.

आनंदाच्या भरात केलेल्या अशा गोळीबाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात वेगळी शिक्षा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांडवात त्या दिवशी किमान चार सरपंच आणि एक जिल्हा परिषदेचा माजी सदस्य होता. माहीत नसेल असं म्हणवत नाही.

त्याच दुरुस्तीची दुसरी गोष्ट ऐका. आधी एका माणसाला तीन बंदुका बाळगता यायच्या. विधेयक आलं तेव्हा त्यात एकच ठेवायची असं होतं. खासदारांनी कुरकुर केली आणि कायदा झाला तो दोनचा. वर परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं केली. म्हणजे ‘तुला ही कशाला हवी?’ हे सरकार जे तीन वर्षांनी विचारायचं, ते आता पाच वर्षांनी विचारणार. इथं माझा राग आहे. मधल्या काळात माणूस बदलतो. दारू वाढते, बांधावरून भावकी फाटते, ठेकेदारीत वैर येतं.

मार्च 2023 आठवतोय का? दोन दिवसांच्या अंतरानं जतमध्ये एका माजी नगरसेवकाचा भररस्त्यात गोळ्या घालून खून झाला, आणि आपल्या पाटणच्या मोरणा खोऱ्यात गोळीबारात दोघं गेले. तिथं अटक झाली ती ठाणे शहरातल्या एका माजी नगरसेवकाला. पुढच्या वर्षी उल्हासनगरात आमदारानं पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या. आठवडाभरातच दहिसरला फेसबुक लाईव्ह चालू असताना माजी नगरसेवकाचा जीव गेला, आणि ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवान्याचं होतं. बीडला मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर आकडा बाहेर आला, जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! मग फेरतपासणी झाली, कित्येक रद्द झाले. खून होईपर्यंत ती यादी कुणी वाचलीच नव्हती का?

गावठी कट्टे वेगळेच. ते मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून येतात, पोलिसांची स्थानिक गुन्हे शाखा (एलसीबी) पकडते, ‘एक कट्टा, दोन जिवंत काडतुसे’ अशी बातमी येते, आणि पंधरा दिवसांनी दुसरा सापडतो. त्यावर पोलिसांनी काम करावं, करतातही. परवान्याची गोष्ट मात्र पुढाऱ्यांच्या हातात आहे, कारण शिफारसपत्र त्यांचं असतं. माझं मागणं एवढंच आहे. कुठल्या तालुक्यात किती परवाने आहेत आणि कोणत्या कारणासाठी, हा आकडा कलेक्टर कचेरीनं दरवर्षी जाहीर करावा. परवाना असणाऱ्यांची नावं नकोत, फक्त आकडा आणि कारण. शिफारस कुणी केली तेही लिहावं. आणि मत मागायला दारात येणाऱ्यानं मी अशी पत्रं देणार नाही असं गावासमोर सांगावं. तलवारीनं केक कापणाऱ्यांच्या वाढदिवसाला जाणार नाही असंही म्हणाला तर चहा माझ्याकडून.

आता घरचं. आबांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळं नियमानं बंदूक वारस म्हणून माझ्या नावावर होऊ शकते. मी शाळामास्तर. मला वर्गात फळ्यावरचा खडूसुद्धा नीट फेकता येत नाही. तरी दाजींचा आठवड्याला फोन : “अर्ज टाक की. कारण काय लिहायचं ते मी बघतो. साहेबांचं पत्र परवाच्या परवा आणून देतो.” परवा आबांच्या समोरच फोन आला. स्पीकरवर होता. आबांनी ऐकलं, ट्रंक उघडून पावती काढली, घडी मोडून पुन्हा वाचली, आणि किल्ली परत करदोट्याला बांधली.