माळावर झाडे लावल्याने काळवीट शेतातून हटणार नाहीत

सोलापूर जिल्ह्यात सध्या एक संदेश गावोगाव फिरत आहे: काळविटांची पैदास बेसुमार झाली आहे, गवत सोडून त्यांना पिकांची चटक लागली आहे, आणि माळांवर झाडे लावून जंगल उभे केले की ते तिकडे निघून जातील. ज्वारीचे कोंब रातोरात खुडले गेलेल्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे. ही तिन्ही विधाने मात्र टिकत नाहीत.

पैदाशीचा पुरावा म्हणून मोठ्या कळपांची छायाचित्रे दाखवली जातात. काळवीट उघड्या रानात मोठा कळप करून राहतात आणि आडोशाच्या जागी विखुरतात, त्यामुळे एका मोकळ्या वावरात पुष्कळ जनावरे दिसली एवढ्यावरून संख्या वाढली असे ठरत नाही. शिवाय मादीला एका वेळी एकच पाडस होते.

दुसरे विधान अधिक तपासून पाहण्यासारखे आहे. काळवीट मुख्यतः गवतावर जगतो, परंतु कोवळे, हिरवे तेवढे वेचून खातो. पावसाळ्यात पवना, मारवेल यांसारखी गवते त्याला पुरतात. पुढे गवत वाळून त्यातील प्रथिने घटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत रब्बीची ज्वारी व हरभरा कोवळा असतो. नांगराखाली गेलेले माळ आणि उरलेल्यांवरची अतिचराई यांमुळे पिकांकडची ही ओढ वाढते. उन्हाळ्यात तो वेड्या बाभळीच्या शेंगांवरही भागवतो. हे टंचाईचे लक्षण आहे, चटकेचे नव्हे.

सर्वांत घातक आहे तो सुचवलेला उपाय. नजर आणि वेग यांच्या जोरावर लांडग्यापासून वाचणारा हा प्राणी दाट झाडी टाळतो, आणि सावलीखाली त्याचे गवतही खुंटते. 1979 साली माळढोक या माळरानावरच्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालेल्या, याच जिल्ह्यातील नान्नजच्या परिसरातही गवताळ जमिनीवर ग्लिरिसिडिया हे झाड लावले गेले, हे वृक्षारोपणाची मागणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. माळ झाडांनी व्यापले की काळविटांना उघडी जागा शेतातच उरते.

मागणी करायचीच, तर ती गायरानांवर पाळीपाळीने चराईबंदी करून गवत राखण्याची, कोंब कोवळे असेतोवर सामूहिक राखणीची, आणि पंचनामा वेळेत होऊन भरपाई पुढच्या पेरणीआधी मिळण्याची करावी.